उसन्या नावांचा कोड

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचा जॉन मॅकार्थी यांचा मूळ निबंध 1960 सालचा. त्यात ‘इव्हॅल’ नावाचं एक फंक्शन आहे. लिस्पमध्ये लिहिलेला कोड हातात घ्यायचा आणि चालवून उत्तर काढायचं, एवढंच त्याचं काम. मॅकार्थी यांनी ते कागदावरची मांडणी म्हणून लिहिलं होतं. त्यांच्याच गटातल्या स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम 704 या यंत्राच्या भाषेत हाताने उतरवलं आणि लिस्प खरोखरच चालू लागली. ही हकिगत पुष्कळदा सांगितली जाते. त्या इव्हॅलला एक नव्हे, दोन गोष्टी द्याव्या लागत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पहिली, चालवायचा कोड. दुसरी, जोड्यांची एक यादी: अमुक नावाचा अर्थ अमुक, तमुक नावाचा तमुक.

पुढे ही दुसरी गोष्ट गळाली. कॉमन लिस्पच्या इव्हॅलला फक्त कोड द्यायचा. रिच हिकी यांनी 2007 साली आणलेल्या क्लोजरच्या इव्हॅललाही फक्त कोडच. मग कोडमधल्या नावांचा अर्थ घ्यायचा कुठून? आपण आत्ता जिथे उभे आहोत तिथून, असं या भाषांचं उत्तर आहे. माझ्या मते हे उत्तर नाही, प्रश्न टाळणं आहे. टाळलेल्या या प्रश्नाची वसुली सगळ्यात जास्त होते ती इम्पोर्टच्या जागी. म्हणून इव्हॅल होणाऱ्या कोडमध्ये इम्पोर्ट कसा हाताळावा, हा वरवर कारागिरीचा वाटणारा प्रश्न मला भाषेच्या रचनेतला मूलभूत प्रश्न वाटतो.

आधी इम्पोर्ट म्हणजे काय ते नीट पाहू, कारण या एका शब्दाखाली दोन निराळी कामं दडलेली असतात. एक काम आणण्याचं: लायब्ररीची फाइल शोधायची, मेमरीत घ्यायची, तिच्यातला कोड चालवायचा. दुसरं काम नाव लावण्याचं: आणलेल्या गोष्टीला इथे कोणत्या नावाने हाक मारायची ते ठरवायचं. जावाचा इम्पोर्ट फक्त दुसरं काम करतो. तो काहीही आणत नाही, लांबलचक नावाऐवजी आखूड नाव लिहायची मुभा देतो, बस. ईमॅक्स या एडिटरमधल्या लिस्पचं नेमकं उलट. तिथे ‘रिक्वायर’ फाइल आणतो, पण नावांना हात लावत नाही, कारण तिथे सगळ्यांची नावं एकाच सामायिक यादीत असतात. म्हणूनच ऑर्ग-मोडची फंक्शन्स ‘ऑर्ग-’ने आणि मॅगिटची ‘मॅगिट-’ने सुरू होतात. क्लोजरचा ‘रिक्वायर’ दोन्ही कामं एका दमात करतो. साध्या फाइलमध्ये ही दोन कामं एकत्र असली तरी बिघडत नाही. इम्पोर्ट फाइलच्या डोक्यावर लिहिलेले असतात, खालचा कोड त्यांच्यानंतर वाचला जातो, आणि वरचं-खालचं सगळं एकाच माणसाने लिहिलेलं असतं.

इव्हॅल होणाऱ्या कोडला डोकं नसतं. तो कुठून तरी येतो. कधी प्रोग्रामनेच चालता चालता याद्या जोडून तयार केलेला असतो, कधी डेटाबेसमधून मजकूर म्हणून उचललेला, कधी माणसाने समोर बसून टंकलेला. या तिन्हींचे लेखक वेगळे, त्यांनी नावं लिहिली ती जागा वेगळी, आणि जिथे कोड चालतो ती जागा बहुतेकदा चौथीच. ‘मावशीकडे निरोप दे’ अशी चिठ्ठी ज्या घरात वाचली जाईल त्या घरची मावशी वेगळी निघणार, तशातली गत.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कर्जाचे नियम मजकूर म्हणून डेटाबेसमध्ये ठेवणारा एक प्रोग्राम क्लोजरमध्ये लिहिला आहे. त्यात ‘व्याज’ नावाचं फंक्शन आहे. (क्लोजरच्या रीडरला देवनागरी नावं चालतात. कंपनीत तशी कुणी लिहीत नाही, ते सोडा.) नियम साधा आहे: (व्याज 100000 9 3). लिहिणारी व्यक्ती एडिटरमध्ये हा मजकूर वाचून इव्हॅल करून बघते, उत्तर बरोबर येतं. जार फाइल तयार होते, सर्व्हरवर जाते, पहिला नियम चालायला घेतला जातो आणि एरर येते: ‘व्याज’ हे सिम्बॉल या संदर्भात उलगडत नाही.

फंक्शन तर त्याच जारमध्ये आहे. प्रोग्रामचा बाकीचा कोड तेच फंक्शन बिनबोभाट वापरतोय. मग अडलं कुठे? क्लोजरमध्ये ‘सध्याची नेमस्पेस’, म्हणजे नावांची चालू यादी, एका चलात ठेवलेली असते आणि इव्हॅल नावं शोधायला त्या चलाकडे बघतं. एडिटरमध्ये बसलेल्या व्यक्तीची सध्याची नेमस्पेस तिच्या फाइलचीच होती, म्हणून ‘व्याज’ सापडलं. सर्व्हरवर त्या चलात, प्रोग्राम कसा सुरू केला त्यानुसार, ‘यूझर’ तरी असतं नाही तर ‘क्लोजर.कोअर’ तरी. तिथे कुठलं व्याज? बाकीच्या कोडला याचा त्रास होत नाही, कारण त्यातली नावं कंपाइल होतानाच जागेवर बांधली गेली. त्या चलाशी त्याला पुढे काही देणंघेणं उरलं नाही. दोन्ही ठिकाणी तेच नाव, तीच अक्षरं. एकाचा अर्थ लिहिण्याच्या जागेवरून ठरला, दुसऱ्याचा चालण्याच्या जागेवरून. भाषेने हा भेद कुठेही दाखवलेला नाही.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे इव्हॅलच्या आधी ‘इन-एनएस’ने नेमस्पेस बदलून घेणं. रेपलमध्ये, म्हणजे एकेक ओळ टंकून लगेच उत्तर बघायच्या खिडकीत, हे चालतं. सर्व्हरच्या एखाद्या थ्रेडवर ते कोसळतं, कारण त्या थ्रेडपुरतं हे चल आधी बांधून घेतलेलं नसतं आणि मूळ किंमत बदलायला क्लोजर परवानगी देत नाही. मग ‘बाइंडिंग’चं वेष्टण घालून तेवढ्यापुरती आपली नेमस्पेस बसवतात. आता नियम चालतो आणि सगळे कामाला लागतात.

खरी गोम इथून पुढे आहे. आता त्या नियमाचा अर्थ एका फाइलच्या डोक्यावरच्या इम्पोर्टवर टांगलेला आहे. उद्या कुणी ती फाइल साफ करायला घेतो. तपासणीचं साधन सांगतं की अमुक लायब्ररीला लावलेलं आखूड नाव फाइलमध्ये कुठेही वापरलेलं नाही. साधन बरोबर आहे, फाइलमध्ये ते खरोखरच वापरलेलं नाही. वापरलंय ते डेटाबेसमधल्या एका नियमाने, आणि डेटाबेस त्या साधनाला दिसत नाही. ओळ उडते, टेस्ट पास होतात, महिनाअखेरीला नियम पडतो. दोष कुणाला देणार? साफसफाई करणारा शहाण्यासारखाच वागला. नियम लिहिणाऱ्याला तर फाइल म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. नावं उसनी घेतली होती आणि त्या उसनवारीची नोंद कुठेच नव्हती.

बरं, नियमानेच आपले इम्पोर्ट स्वतःसोबत आणावेत असं ठरवलं तर? कोडच्या सुरुवातीला ‘रिक्वायर’, मग वापर. ऐकायला सरळ वाटतं. पण क्लोजर शिकलेल्या माणसाला यात एक जुना चकवा दिसेल, ज्याला त्या जगात ‘गिलार्डी सिनॅरिओ’ म्हणतात. क्लोजर इव्हॅलला मिळालेली यादी आधी पूर्ण कंपाइल करतं आणि मगच चालवतं. यादीत पहिल्यांदा ‘ही लायब्ररी आण’ आणि नंतर ‘तिच्यातलं हे फंक्शन वापर’ असं लिहिलं असेल, तर कंपाइल करताना दुसऱ्या ओळीतलं नाव शोधावं लागतं. लायब्ररी आणणारी पहिली ओळ अजून चाललेलीच नसते. म्हणजे आणण्याच्या आधीच नाव लागायला हवं. अशी नेमस्पेस नाही, म्हणून कंपाइलर हात वर करतो.

क्लोजरने यावर एक मलमपट्टी केलेली आहे. सगळ्यात बाहेरचा आकार ‘डू’ असेल, तर त्याच्या पोटातल्या ओळी एकदम कंपाइल न करता एकामागून एक कंपाइल करून चालवायच्या. त्यामुळे ‘डू’ असेल तर भागतं. तोच मजकूर ‘लेट’मध्ये किंवा ‘व्हेन’मध्ये गुंडाळला की पुन्हा पडतो. एखाद्या भल्या माणसाने वेळ मोजण्यासाठी नियमाभोवती ‘लेट’ चढवलं, एवढ्यानेही नियम मोडू शकतो. त्यातून आणखी वाईट म्हणजे लायब्ररी दुसऱ्या कुणी आधीच आणून ठेवलेली असेल, तर ‘लेट’मध्येही लांब नावाने ती सापडते आणि नियम सुरळीत चालतो. टेस्टमध्ये चालतो, कारण टेस्टनी तीच लायब्ररी आणलेली असते. प्रत्यक्षात चालेल की नाही हे त्या दिवशी कोणता कोड आधी धावला त्यावर ठरतं. असल्या बगचा माग काढायला बसलेल्या माणसाची मनापासून कीव येते.

लायनिंगन या क्लोजरच्या बिल्ड-साधनाच्या कर्त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये कोड चालवण्याचं जे फंक्शन त्यात आहे, ते कोड आणि त्याची पूर्वतयारी अशा दोन वेगळ्या गोष्टी घेतं. ‘रिक्वायर’ असतील तर ते पूर्वतयारीच्या जागी द्या, असं त्याच्या दस्तऐवजात त्या सिनॅरिओचं नाव घेऊन सांगितलेलं आहे. मला हे फार बोलकं वाटतं. भाषेचं इव्हॅल एकच गोष्ट मागतं. त्याच भाषेत खरं काम करायला बसलेल्यांना दुसरी गोष्ट पुन्हा शोधून काढावी लागली.

कॉमन लिस्पमध्ये हीच अडचण आणखी एक पायरी अलीकडे येते. तिथे सिम्बॉल म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत. मजकूर वाचला जातानाच प्रत्येक सिम्बॉल एका पॅकेजचं होऊन बसतं. याचा मोठा फायदा आहे: प्रोग्रामच्या आत लिहिलेली यादी नंतर कुठेही इव्हॅल करा, तिच्यातलं ‘व्याज’ ज्या पॅकेजात वाचलं गेलं त्याच पॅकेजचं राहतं. क्लोजरमध्ये पडलेलं पहिलं उदाहरण तसंच यादी म्हणून लिहिलं, तर कॉमन लिस्पमध्ये ते पडत नाही. पण किंमतही आहे. एकाच यादीत लायब्ररी आणायची ओळ आणि तिच्या पॅकेजमधलं नाव असेल, तर चालवणं आणि कंपाइल करणं दूरच, ती यादी वाचताच येत नाही. पॅकेज अस्तित्वात नाही म्हणून रीडरच थांबतो, आणि तिथे ‘प्रोग्न’ची, म्हणजे क्लोजरच्या ‘डू’च्या तिथल्या जुळ्याची, मात्रा लागू पडत नाही. म्हणून कॉमन लिस्पच्या प्रोजेक्टांच्या एएसडी फाइलींमध्ये टेस्ट चालवायच्या ओळीवर ‘सिम्बॉल-कॉल’ असा प्रकार जागोजागी दिसतो: पॅकेजचं नाव आणि फंक्शनचं नाव वेगवेगळं द्यायचं, म्हणजे प्रत्यक्ष हाक मारायच्या क्षणापर्यंत कुणी ते शोधणार नाही. आणि डेटाबेसमधून मजकूर आला, की तो वाचताना सध्याचं पॅकेज कोणतं होतं हा प्रश्न पुन्हा दारात उभा.

तेव्हा भाषा बदलली की अडचण नाहीशी होत नाही, फक्त तिची वेळ बदलते. वाचताना, कंपाइल करताना, चालवताना, कधी ना कधी नावांचा निकाल लावावाच लागतो. त्या क्षणी जी यादी समोर असेल तीच लागू होणार. मग ती यादी योगायोगाने समोर असावी की कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेली असावी? माझ्या मते वाद एवढ्यापुरताच आहे.

स्कीमच्या मंडळींनी विचारपूर्वक ठेवण्याची बाजू घेतली. जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी 1975 साली एमआयटीत घडवलेल्या या लिस्पच्या प्रमाण अहवालांमध्ये बराच काळ इव्हॅल नव्हतंच. 1998 सालच्या पाचव्या अहवालात ते आलं, आणि आलं ते दुसरी गोष्ट मागतच: कोड द्या आणि तो कोणत्या परिसरात चालवायचा तेही द्या. 2007 च्या सहाव्या अहवालात आणि 2013 च्या सातव्यात तो परिसर तयार करायची रीत सांगितली आहे. रिकाम्यापासून सुरुवात करायची आणि हव्या त्या लायब्ररी नाव घेऊन त्यात आणायच्या. सातव्या अहवालाने असा परिसर बदलता येणार नाही असंही म्हटलंय. म्हणजे इम्पोर्ट ही कोडमधली एक ओळ न राहता कोडसोबत दिलेली वेगळी वस्तू झाली. ती आधी पूर्ण होते, मग कोडला हात लागतो. गिलार्डीचा चकवा इथे उद्भवतच नाही, कारण आणणं आणि वापरणं यांच्यामध्ये रेष आखलेली आहे. मॅकार्थी यांची जोड्यांची यादीच ही, नव्या कपड्यात.

मला हा मार्ग पटतो, पण तो सोपा आहे असं म्हणणाऱ्यांनी स्कीमच्याच कुळातली रॅकेट वापरून बघावी. रॅकेटचा प्रोग्राम फाइल म्हणून चालवला आणि त्यात कुठल्याही तयारीविना इव्हॅल वापरलं, तर ते बेरजेचं चिन्हसुद्धा ओळखत नाही. परिसर रिकामाच असतो. नवशिके वैतागतात, कारण डॉक्टररॅकेट या तिच्या एडिटरच्या खिडकीत तेच इव्हॅल चाललेलं असतं. मला त्या रिकाम्या परिसरात एक प्रामाणिकपणा दिसतो. अडचण त्याच्या पुढची आहे. समजा आपल्या मॉड्यूलमध्ये ‘कर्ज’ नावाचा स्ट्रक्ट आहे. आपण इव्हॅलसाठी एक कोरी नेमस्पेस तयार केली, तिच्यात आपलंच मॉड्यूल आणलं आणि मुख्य प्रोग्राममधलं एक कर्ज त्या कोडच्या हाती दिलं. कोड विचारतो, हे कर्ज आहे का? उत्तर येतं, नाही. कोऱ्या नेमस्पेसने मॉड्यूल नव्याने चालवलं, स्ट्रक्ट नव्याने जन्माला आला, आणि दोन कर्जांची नावं व फील्ड तीच असली तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. रॅकेटमध्ये यावर उपाय आहे: चालू मॉड्यूल आहे तसंच नव्या नेमस्पेसला जोडायचं. पण तो माहीत असावा लागतो, आणि तो का लागतो हे कळायला मॉड्यूलांची नोंदवही म्हणजे काय ते समजावं लागतं.

म्हणून इम्पोर्टचं एक तिसरंही काम धरायला हवं. आणणं, नाव लावणं, आणि आणलेली गोष्ट तीच आहे का नवी प्रत आहे हे ठरवणं. क्लोजरमध्ये रेकॉर्ड असलेली फाइल पुन्हा लोड केली की जुन्या रेकॉर्डच्या वस्तू नव्या क्लासच्या चाचणीत नापास होतात, तो याच जातीचा त्रास. परिसर हाताने द्यायचा म्हटलं की या प्रश्नाला सामोरं जावं लागतं. माझ्या बाजूवरचा हा खरा बोजा आहे आणि तो मी नाकारत नाही.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळा आहे. लिस्पची गंमतच मुळी चालत्या प्रोग्रामच्या आत बसून त्याच्याशी बोलण्यात आहे, असं ही बाजू म्हणते. सध्याची नेमस्पेस हा त्या संवादाचा पाया. एकेक ओळ टंकणाऱ्याला दर ओळीमागे परिसर द्यायला लावलात तर लिस्पची रयाच गेली. यात तथ्य आहे, आणि ईमॅक्ससारख्या ठिकाणी तर मी ते पूर्ण मान्य करतो. तिथे सगळं एकाच माणसाचं असतं. सामायिक यादीवर ते दशकानुदशकं चाललं आहे आणि पुढेही चालेल.

पण रेपलच्या साधनांनी स्वतः काय केलं ते बघा. क्लोजरचे एडिटर ज्या एनरेपल प्रोटोकॉलने चालत्या प्रोग्रामशी बोलतात, त्यात इव्हॅलच्या प्रत्येक संदेशासोबत नेमस्पेसचं नाव पाठवायची सोय आहे, आणि एडिटर ती वापरतात: ज्या फाइलमधून कोड उचलला त्या फाइलची नेमस्पेस. कॉमन लिस्पसाठीचं स्लाइमही ईमॅक्सकडून जाणाऱ्या विनंतीत पॅकेज लिहूनच पाठवतं. दर ओळीमागे परिसर द्यायचं काम होतंच आहे, फक्त माणसाऐवजी एडिटर ते करतो. ‘सध्याची’ नेमस्पेस भरवशाची असती तर या साधनांच्या कर्त्यांनी ही यातायात कशाला केली असती? शिवाय रेपलमध्ये सध्याची नेमस्पेस प्रॉम्प्टवर डोळ्यांसमोर असते. सर्व्हरवर मध्यरात्री चालणाऱ्या नियमाला प्रॉम्प्ट नसतो आणि तो वाचायला कुणी नसतं.

दुसरा आक्षेप आळशी आहे, पण सर्रास ऐकू येतो: इव्हॅल वापरूच नका. हा सल्ला नवशिक्याला ठीक. मात्र त्याचा एक वाईट परिणाम झाला. मॅक्रोंमध्ये, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या कोडमध्ये, हाच प्रश्न होता: मॅक्रोच्या लेखकाची नावं आणि वापरणाऱ्याची नावं यांची गल्लत. त्यावर 1980 च्या दशकापासून गंभीर संशोधन झालं आणि ‘हायजिन’ नावाने एक पक्की कल्पना उभी राहिली: नावाचा अर्थ ते जिथे लिहिलं गेलं तिथला. क्लोजरने ते पूर्ण स्वीकारलं नाही, तरी त्याची उलटी-अवतरण खूण नावं वाचतानाच पूर्ण पत्त्यासकट लिहून टाकते. इव्हॅल मात्र ‘वापरू नये अशी गोष्ट’ या शिक्क्याखाली कोपऱ्यात पडून राहिलं. वापरू नये म्हणून कुणी वापरायचं थांबलं नाही. टेम्प्लेट, नियमांची इंजिनं, वहीसारखी साधनं, आणि आता तर भाषिक मॉडेलांनी लिहून दिलेला कोड लगेच चालवून बघणारे प्रोग्राम, हे सगळे इव्हॅलच करतात. शेवटच्या प्रकारात इम्पोर्ट हटकून विसरलेले असतात.

प्रोग्रामनेच कोड तयार केला असेल, तर नावातच पत्ता घालण्याची युक्ती चांगली आहे. पायथनवर उभारलेल्या हाय या लिस्पमध्ये मॅक्रोच्या लेखकांना नेमकी हीच पंचाईत होती. मॅक्रो उलगडतो दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये, त्याला हवी असलेली लायब्ररी तिथे आणलेली असेलच असं नाही. तिथे ‘हाय.आय’ने सुरू होणारं नाव लिहिलं, की त्या जागी लागणारं मॉड्यूल आपोआप आणलं जातं. क्लोजरच्या 1.10 आवृत्तीत आलेलं ‘रिक्वायरिंग-रिझॉल्व्ह’ही याच वळणाचं: पूर्ण नाव द्या, लायब्ररी आणलेली नसेल तर ते आणेल, आणि दोन थ्रेड एकाच वेळी आणायला धावले तर कुलूप लावून एकेकाला आत सोडेल. या युक्तीने आणणं आणि नाव लावणं यांच्यातली वेळेची भानगड सुटते. पण कोणाला काय आणायची परवानगी आहे, हा मुद्दा तिने सुटत नाही.

आणि तो मुद्दा मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. लायब्ररी आणणं म्हणजे तिचा कोड चालवणं. जो नियम काहीही ‘रिक्वायर’ करू शकतो तो काहीही करू शकतो: फाइल उघडेल, नेटवर्कवर जाईल, प्रोग्राम बंद करेल. क्लोजरमध्ये तर नुसतं वाचतानाही कोड चालवता येतो. मूळ रीडरला तशी खास खूण आहे, म्हणूनच परका डेटा वाचायला 1.5 आवृत्तीत वेगळा रीडर द्यावा लागला. तेव्हा सध्याच्या नेमस्पेसवर विसंबणारं इव्हॅल हे केवळ गोंधळाचं कारण नाही. आपल्याकडे असलेली प्रत्येक किल्ली ते न विचारता समोरच्याच्या हाती देतं.

मिखिल बोर्केंट यांच्या ‘स्मॉल क्लोजर इंटरप्रिटर’ने, एससीआयने, याला दिलेलं उत्तर मला आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात समंजस वाटतं. त्याला कोडच्या मजकुरासोबत एक नकाशा द्यायचा: या नेमस्पेस, त्यांत ही नावं, जावाचे हे क्लास. भाषेची मूळ नावं सोडली, तर नकाशात नाही ते कोडसाठी अस्तित्वातच नाही. आणि कोडने ‘रिक्वायर’ लिहिलाच, तर तो थेट डिस्कवर न जाता यजमान प्रोग्रामने दिलेल्या एका फंक्शनकडे जातो. लायब्ररीचं नाव पाहून ते फंक्शन ठरवतं की काय द्यायचं, कुठून द्यायचं, द्यायचं की नाही. कोड मागतो, यजमान ठरवतो. फंक्शन्स यजमानाचीच दिलेली असल्यामुळे रॅकेटमधला दोन कर्जांचा घोळही बराचसा टळतो. किंमत वेगाची आहे, कारण हा कोड कंपाइल न होता इंटरप्रिट होतो. कर्जाच्या नियमांना ती परवडते. लाखो नोंदींवर दर सेकंदाला फिरणाऱ्या हिशोबाला कदाचित परवडणार नाही.

तिथे मूळ इव्हॅलच वापरायचं ठरलं, तरी हीच शिस्त हाताने पाळता येते. नियमाच्या मजकुराशेजारी डेटाबेसमध्ये आणखी एक रकाना ठेवायचा: या नियमाला लागणाऱ्या लायब्ररी आणि त्यांची आखूड नावं. चालवताना दर नियमासाठी एक ताजी नेमस्पेस उघडायची, आधी त्या रकान्यातली यादी मंजूर लायब्ररींशी ताडून आणायची, ते पूर्ण झाल्यावर मजकूर त्या नेमस्पेसमध्ये वाचून इव्हॅल करायचा आणि काम झालं की ती नेमस्पेस काढून टाकायची, नाही तर दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हरवर त्या साचत जातात. मंजूर यादी अर्थात मूळ इव्हॅलला जखडून ठेवत नाही. पूर्ण पत्त्याने लिहिलेलं नाव तिला वळसा घालून जाईल, म्हणून ही रीत ओळखीच्या लोकांनी लिहिलेल्या नियमांपुरतीच. पण साफसफाई करणाऱ्याला आता एका क्वेरीने विचारता येतं की ही लायब्ररी कोणते नियम वापरतात. आणि हाच सगळा प्रकार नियम जतन करतानाही एकदा, उत्तर न काढता फक्त कंपाइल करण्यापुरता, करून बघता येतो. नाव सापडलं नाही तर एरर तेव्हाच येते, नियम लिहिणारी व्यक्ती अजून पडद्यासमोर बसलेली असताना.